सकाळचं माप

मिरजेच्या डॉक्टर मगदूम मॅडमनी नाव विचारलं, गाव विचारलं,
मग विचारलं, सकाळी मूठ किती वाजता वळते?

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
विट्यात म्हणाले, चिकुनगुनियाचं मागे राहिलंय.
लेंगऱ्याच्या आत्याबाईंनी निर्गुडीचा पाला शेकायला दिला.
जावेनं वांगी बंद केली, मग दही, मग भात,
आणि बंद करायला काही उरलं नाही तेव्हा म्हणाली,
मनाला लावून घेतेस तू.

मी सांगितलं:
दूधवाला येतो तेव्हा पातेलं मनगटांत धरून उचलते.
नळ जातो तोवर बोटं तशीच, लाकडाची.
शाळेची पिवळी गाडी कोपऱ्यावर वळली
की अंगठा करंगळीपर्यंत पोचतो.
म्हणजे साडेआठ, त्या म्हणाल्या, आणि लिहिलं.
माझी सकाळ पहिल्यांदा कागदावर आली.

मग एकेक पेर दाबलं,
तासगावचा व्यापारी मण्याला बोट लावतो तसं,
माझ्या तोंडाकडे बघत.
मुळाचं दुखलं, मधलं दुखलं, टोकाचं नाही.
दोन्ही हातांत सारखंच, बांगड्यांसारखं जोडीनं.
टोकाची सोडतो तो, त्या पुटपुटल्या,
चोराची सवय ठाऊक असलेल्या फौजदारासारख्या.

रक्ताचा पहिला कागद आला, त्यात काही नव्हतं.
मी पिशवी उचलली.
बसा, त्या म्हणाल्या. एका कागदावर सोडून देत नाही मी.
दुसऱ्या चाचणीचा आकडा मोठा होता.
संधिवात, पण म्हातारपणाचा नव्हे. तुम्ही छत्तीसच्या.

माझ्या माणसाची सेलमला गलाई आहे.
बारा वर्षं भट्टीमागच्या खोलीत संसार केला मी.
म्हणून मॅडम समजावत होत्या तेव्हा मला तेजाब दिसलं:
काचेच्या भांड्यावर तांबूस धूर,
तांबं जातं, चांदी जाते,
तळाला सोनं राहतं, मातीच्या रंगाचं.
तेजाबाला ओळख असते, तिच्यावर सगळा धंदा.
माझ्या अंगातल्याची ओळख पुसली.
घरातलंच ते, राखणीला ठेवलेलं,
आता सांध्याचं आतलं अस्तर खात बसलंय.
का पण, मी विचारलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं. नक्की माहीत नाही, म्हणाल्या.
तिथं मला त्या आवडल्या.

गोळी आठवड्यातून एकदा. रविवारी.
रोज नाही, चुकूनसुद्धा रोज नाही,
हे तीनदा सांगितलं, माझ्याकडून वदवून घेतलं,
कागदावर रविवारभोवती गोल काढला.
सोमवारी दुसरी, पहिलीचं निस्तरायला.
महिन्यानं पुन्हा रक्त. औषध चालू आहे तोवर मूल नको.
गुण यायला दीड-दोन महिने, घाई करायची नाही.
आणि पूर्वी, त्या हसून म्हणाल्या,
या दुखण्याला सोन्याची इंजेक्शनं देत.

रात्री फोनवर त्याला सांगितलं.
तो गप्प. मग म्हणाला, किती कॅरेट?
बराच वेळ हसलो दोघंही,
हसता हसता फोन हातातून निसटला,
आणि तो तिकडून हॅलो हॅलो करत राहिला.

पाच रविवार तोंडाला पितळेची चव.
कंगव्यात केस.
जाऊ म्हणाली, गरम पडतंय, सोड.
सोडलं नाही.
सातव्या आठवड्यात एका गुरुवारी
पिवळी गाडी यायच्या आधी मूठ वळली.
कुणाला हाक मारली नाही.
उघडली. परत वळली. परत उघडली.

करंगळी वाकडीच राहिली. तेवढा उशीर झाला होता.

लग्नाची अंगठी गेल्या गौरीत कापून काढली होती,
तीन ग्रॅम, दोन तुकडे.
त्यानं येताना नवी घडवायला ओतून आणली.
पेठेतल्या सोनारानं मापाच्या कड्या पुढे केल्या.
आत्ताचं नको, मी म्हटलं, संध्याकाळी बोट बारीक असतं माझं.
उद्या साडेसातला येते.
दुकान अकराला उघडतं, वहिनी.

मग उद्या लवकर उघडा.