जमिनीवरचा चेंडू

"उचलायचा नाही," फाख्तना म्हणतो,
"जमिनीवर आहे तोवर तो कुणाचाच नसतो."

मंगळवार संध्याकाळ, क्लेअरमधलं उतरतं मैदान,
गोलपाशी मेंढ्यांच्या लेंड्या,
आठ पोरं, आठ हर्ली,
बहुतेक थोरल्या भावंडांच्या, टोकाला पत्र्याची पट्टी ठोकलेल्या.

गुडघ्यात वाक. कमरेत नव्हे.
पाय चेंडूशेजारी, सोबतीला उभा राहावा तसा.

त्याला स्वतःला वाकता येत नाही,
उजव्या गुडघ्यात दोन स्क्रू.
म्हणून तो टोपी काढून गवतावर टाकतो:
नजर इथे.

साइव्हचा चेंडू चिखलात रुततो.
हात पुढे जातो तिचा, थबकतो,
आणि सप्पकन फटका, चिखलासकट.

चेंडू कुंपणात.
टोपी मात्र अजून जमिनीवर,
कुणाचीच नसलेली.

आठही हर्ली तिच्यावर.

"गुडघ्यात!" फाख्तना ओरडतो,
"गुडघ्यात वाका, गाढवांनो!"