लॉट नंबर

कुपवाडला आमच्या शेडमध्ये शिरताना
बांगड्या काढून ठेवाव्या लागतात.
केस टोपीत, टोपी कानांवर,
बोलणं मास्कच्या आत.
मशीन दाणे गिळतं, साबुदाण्याएवढे,
आणि दुसऱ्या टोकानं नळी सोडतं.
शेवयांसारखी म्हणावी,
तर शेवया पोकळ नसतात.

हिच्या पोटात तीन वाटा आहेत,
एक औषधाची, एक रक्ताची, एक तारेची,
आणि सगळी मिळून ती गव्हाच्या काडीएवढी.
लेसरखाली तिची जाडी लाल आकड्यांत थरथरते.
तीन मायक्रॉन इकडचे तिकडे झाले
की कात्री.

पूर्वीच्या कडक असायच्या, कदमबाई सांगतात,
पेशंट रात्रभर हात धरून बसायचा.
ही बाहेर ताठ राहते, म्हणून आत शिरते,
आणि अंगाची ऊब लागली की नरमते.
हे आईला सांगितलं, तर म्हणाली,
तुझ्या आजोबांचं नेमकं उलटं होतं.

आप्पा सोमवार-गुरुवार मिरजेला,
खिडकीकडच्या कॉटवर.
तीस वर्षं त्यांनी तासगावकडच्या द्राक्षबागांत
ठिबक अंथरलं.
नळी कुठं मुडपलीय
ते चालता चालता पायाला कळायचं.
आता डाव्या हातातून रक्त बाहेर जातं,
धुऊन परत येतं,
आणि हे सिस्टरला विचारतात, प्रेशर किती हाय?
फिल्टर कधी बदललास?
ती लाइन जरा वर धर, हवा धरंल.
विनया सिस्टर हसते.
हसते, पण नळी बघून घेते.

काल रिकामं पाकीट माझ्याकडं सरकवलं.
बघ, तुमचीच का?
चष्मा नव्हता. खिडकीशी नेऊन
लॉट नंबर वाचला, मग गावाचं नाव.
आमची नाही, आप्पा.
या जाडीची आमच्याकडं निघतच नाही.

ते नळीकडं बघत राहिले,
जाणारी लाल, येणारी लाल.
मग म्हणाले, असंल
कुठल्या तरी पोरीनं
बांगड्या काढून मापलेली.

मशीन वाजलं. सिस्टर आली, बटण दाबून गेली.
अजून अर्धा तास होता.
मी त्यांच्या पायांवर चादर ओढली,
त्यांनी ती अंगठ्यानं खाली ढकलली.
ऱ्हाऊ दे उघडे.