पाणी वजा जाता

फिलोमिनाची अंगठी
साबणाने निघाली नाही, लोण्याने निघाली नाही.
शेवटी अँब्रोजने बोटाला दोरा आवळला,
वेढा वेढा सोडवत ती बाहेर काढली
आणि सिंकवरच्या खिळ्याला अडकवली,
किटली धरायच्या फडक्याशेजारी.
एकतीस वर्षांनी त्या जागेला वारा लागला.
खाली एक पांढरी खाच होती,
कुणाची तरी वाट अडवून धरल्यासारखी.

खेकड्यांच्या कारखान्यात अठरा हंगाम.
उकळत्या हौदांची वाफ
आधी चष्म्यावर बसली, मग केसांत,
मग छातीत, बिऱ्हाड थाटून.
रात्री ती खुर्चीत झोपायची,
म्हणजे खुर्चीत जागायची.
श्वास शिट्टी वाजवत यायचा
आणि दारातूनच परत जायचा.

मग गोळ्या आल्या. सकाळी आठ, न्याहारीबरोबर.
चौथ्या रात्री ती पलंगावर आडवी झाली,
सरळ, सपाट, एका उशीवर.
अँब्रोज दोनदा उठला
तिच्या नाकाखाली बोट धरून पाहायला.
त्या खोलीला इतक्या शांततेची सवय नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात पाणी चढलं.
आधी घोट्यांना.
नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा,
ती स्वयंपाकघरातलं घड्याळ बघायची,
किती वेळात भरतो.
मग डोळ्यांखाली, मग गालांत.
"चेहरा जरा गोल दिसेल," डॉक्टर म्हणाली होती,
सेंट जॉन्सहून आलेली पोर, मनगटं काडीसारखी.
जरा!
चर्चच्या पायरीवर रीटा डॉयल म्हणाली,
"घरी बसणं मानवलंय गं तुला."
उत्तर द्यायला आता तिच्याजवळ पुरेसा श्वास होता.
तिने तो खर्च केला नाही.

पहाटे तीनला भूक उठवायची.
पाव, त्यावर मोलॅसिसची काळी धार, उभ्या उभ्याच.
"ही भूक माझी नाही," ती फ्रिजला सांगायची,
"गोळीची आहे."
चावायचं मात्र हिनेच.

आणि मीठ बंद.
न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर, जिथे
मासा मिठात, मांस मिठात,
बारसं, मयत, रविवार, सगळं
खाऱ्या मांसाच्या एकाच पातेल्यात शिजतं.
अँब्रोजने काही न बोलता दुसरं पातेलं काढलं,
लहान, कान तुटलेलं.
त्यात तिचे बटाटे, तिचं सलगम.
पहिल्या रविवारी त्यानेही तेच खाल्लं.
दुसऱ्या रविवारी नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी, बोटी रिकाम्या झाल्यावर,
ती धक्क्यावर गेली.
घरातल्या काट्यावर तिचा विश्वास उरला नव्हता.
खोकी मोजायच्या लोखंडी फळीवर चढली
बुटांसकट, कोटासकट.
लिअँडर पाइकने सवयीने आकडा लिहिला
आणि सवयीनेच विचारलं,
"पाण्याचे किती वजा करू?"

(प्रत्येक खोक्यात बर्फ असतो, पाणी असतं.
ते वजा जाता उरेल त्याचेच पैसे.
या टक्क्यांवरून धक्क्यावरचा प्रत्येक माणूस
लिअँडरशी कधी ना कधी भांडलेला.)

विचारलं आणि त्याचे कान लाल झाले.
पेन्सिल हवेत राहिली.
फिलोमिना त्याच्याकडे बघत राहिली,
मग हसू फुटलं, आधी पोटातून,
मग त्या सगळ्या नव्या गालांतून,
लोखंडी फळी खडखडली, आकडा वरखाली नाचला.
ती हसली, हसत राहिली,
आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं
की या हसण्याचा खोकला झाला नाही.

"काही वजा करू नकोस," ती म्हणाली.
"बर्फासकट धर."

उद्यापासून सात गोळ्या.
घराच्या चढावर, जिथे कुंपण धरून
ती दर वेळी थांबायची, तिथे थांबली नाही.
थांबली ती थेट दारात,
बूट काढायला.
ते निघेनात.
"अँब्रोज," तिने हाक मारली,
एका दमात,
"दोरा आण."