फाउंड्रीची वाळू

आधी पत्र्याच्या कपाटावरची जागा मोजली.
दीड फूट बाय अकरा इंच.
काय बसवायचं ते एवढ्यात बसवा, बायको म्हणाली,
देव्हारा हलणार नाही.

लक्ष्मीपुरीत नौशाद मुल्लाणीनं एकेक काउंटरवर मांडलं.
ॲम्प्लिफायर, चपातीच्या डब्याहून लहान.
डॅक, काडेपेटीएवढा,
आकड्यांचा परत आवाज करणारा.
एवढ्याशात? मी म्हटलं.
माझ्या डोक्यात अजून मांडवातली ती धुडं,
दोघांनी दोन बाजूंनी उचलायची.
"आता वजनाला कोण विचारतंय भावा," नौशाद म्हणाला.
मी टर्नर माणूस.
हातात जड लागल्याशिवाय
कशावर विश्वास ठेवायचा मला माहीत नाही.

स्पीकर जुने घेतले, राजारामपुरीतल्या एका दातांच्या डॉक्टरांचे,
एकाची जाळी मांजरानं फाडलेली.
सगळं मिळून आठ हजार चारशे.
सहा ओव्हरटाइमचे, वरचे भिशीतले.

स्टँड मात्र मी केले.
उद्यमनगरात सुट्टी झाल्यावर थांबून
चौकोनी पाइप कापले, तळाला प्लेट मारली,
पितळेच्या तुकड्यांतून लेथवर आठ टोकं काढली,
आठही सारखी, पाच शतांशाच्या आत,
कुणी मागितलं नव्हतं तरी.
पोकळ पाइप स्वतःच वाजतो,
म्हणून आत वाळू भरली, शेजारच्या फाउंड्रीतली, काळी,
लोखंडाचा आकार शेकडो वेळा धरून
शेकडो वेळा सोडून दिलेली.
नखानं ठोकून बघितलं.
मुकं.
चांगलं मुकं.

पहिल्या रात्री नुसती घरघर.
वायरी बदलल्या, पिना घासल्या, नौशादला झोपेतून उठवलं.
शेवटी फ्रिजचा प्लग दुसऱ्या भिंतीला लावला
आणि खोली एकदम
वर्कशॉपची लाइट गेल्यावर होते तशी झाली.

शार्दूलनं, माझ्या भाच्यानं,
जुनी कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून दिली होती.
थोरल्या भावाचा सराव. सर्जेराव, बँडमध्ये क्लॅरिनेटला.
वाटणीत क्लॅरिनेट त्याच्याकडे गेलं, कॅसेट माझ्याकडे.
नऊ वर्षं झाली, बोलणं नाही.

जुन्या टेपवर नुसते सूर यायचे.
आता त्याचा श्वास येतो, सुराच्या आधी, घाईघाईचा.
बोटांखाली झडपा टिकटिकतात.
आईचा स्टोव्ह.
आणि मध्येच, लांबून, मिलचा भोंगा.
सर्जेराव थांबत नाही.
भोंग्याचा सूर धरतो, तिथंच उभा राहतो,
तो विरेपर्यंत थांबून
मग खाली उतरतो.
हे त्यानं केलेलं मला आठवतच नव्हतं.
भोंगा बंद होऊनही आता किती वर्षं झाली.

माझा उजवा कान ग्राइंडरनं खाल्लाय.
बारीक आवाज तर दोन्हीकडचे गेले.
म्हणून बॅलन्स मी पार उजवीकडं रेटून ठेवलेला.
बायको भाजी निवडता निवडता म्हणाली,
"एकाच अंगानं वाजतंय की ओ."
बटण मधोमध आणलं.
माझ्यासाठी क्लॅरिनेट सरकत सरकत
डाव्या खिडकीकडं गेलं.
तिच्यासाठी, म्हणे, समोर येऊन बसलं.

मग तिनं मान वर केली.
"शेवटी कोण पोरगं हसतंय?"

मला काही ऐकू येत नाही.
परत लावलं. परत.
रेकॉर्डचं बटण दाबून धरायला तेव्हा
अकरा वर्षांचा मीच होतो.

आता ती ते आलं की एक बोट वर करते,
मेथीची काडी तशीच हातात.
मी तिच्या बोटाकडं बघतो.