हातगुण

त्रिएस्तेच्या बंदरावर एकतीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस
आदल्या संध्याकाळी मला विचारत होता,
डॉक्टरच्या हाताला वजन कळतं का?

मी खरं ते सांगितलं. नाही कळत.
दोरा किती ताणलाय ते डोळ्यांनीच ओळखायचं.

लिव्हिओ हसला.
आम्हाला तरी केबिनमध्ये कुठे कळायचं?
साखळीच्या थरथरीवरून समजायचं,
खाली कॉफीची पोती आहेत की संगमरवर.

सकाळी बाहेर बोरा वारा, डोंगरावरून सुटलेला.
आत यंत्राचे चार हात
प्लास्टिकचं अंगडं-टोपडं घालून तयार.
डॉक्टर झोर्झेनॉन कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ,
बूट काढलेले, पायात पिवळे मोजे,
एकाला अंगठ्यापाशी भोक.
तिकडे तिची बोटं जराशी मिटतात
आणि इकडे, सहा पावलांवर,
त्याच्या पोटात कात्री मान वळवते.

स्वादुपिंड.
नावातच चव, आणि ह्याला मार्चपासून
नेरीनाच्या हातचं सूपसुद्धा माती लागत होतं.
जठराच्या मागे, कण्याला टेकून,
साठ वर्षं सगळं पोटात घालत बसलेलं,
कुणी कधी विचारपूस न केलेलं.

चौथ्या तासाला पडदा लाल झाला.
शीर.
स्पीकरमधून तिचा आवाज, मुळीच न चढलेला:
दाब. तिथेच. सोडू नकोस.
मी सोडलं नाही.
किती वेळ, ते घड्याळाला माहीत.
मग धुकं निवळल्यासारखं काहीतरी,
आणि केसाहून बारीक दोरा
लोण्यासारख्या मांसातून, न फाडता,
एक टाका. थांबून, आणखी एक.

सगळं शिवून झाल्यावर ती उठली,
मोज्यांवरच चालत आली,
आणि पहिल्यांदाच त्याला हात लावला.
कपाळाला. उगाच.

बाहेर नेरीनाने विचारलं, कुणाचा हात लागला त्यांना?
मला पटकन उत्तर सुचेना.
यंत्राला हातगुण असतो का,
हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी लिव्हिओने डोळे उघडून आधी हेच विचारलं:
वजन किती भरलं?
गाठीचं? अठरा ग्रॅम.
तो छताकडे बघत राहिला.
एवढ्याशासाठी एवढी मोठी क्रेन, म्हणाला,
आणि पाणी मागितलं.

कडा स्वच्छ आहेत की नाहीत
ते मंगळवारी कळेल.