पाळण्याचा बेत

विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहायला घेतलं:
गुरुवार. कारण बुधवारी राणीबाग बंद.
कुमुद देवगडच्या गाडीने पहाटे दादरला उतरणार.
आणायला येऊ नकोस म्हणेल. तरी जायचं.

चहा, पाव, तासभर झोप.
अकराला राणीबाग. पेंग्विन तिला नको,
तिला ती गोरखचिंच बघायचीय,
पोटाशी चौघांनी हात धरले तरी कवेत न येणारी.
आता आम्ही दोघंच. तेवढं तर तेवढं.

फोनवर म्हणाली, राणीबाग राहिली तरी चालेल,
मला माहीमच्या जत्रेत पाळण्यात बसायचंय.
त्रेसष्टाव्या वर्षी. गुडघ्याला पट्टा बांधून.
बाकीचं तू ठरव, तुला ठरवायला आवडतं.

आवडतं.
बांधकाम खात्यात बावीस वर्षं
मी जत्रांमधले पाळणे तपासले.
बोल्टवर हातोडी मारायची आणि ऐकायचं.
टण्ण वाजला तर ठीक,
थप् वाजला तर मालकाचं तोंड बघायचं नाही.
‘वापरण्यास योग्य’, खाली सही, गोल शिक्का.
त्या सहीच्या भरवशावर किती पोरं
किंचाळत आभाळात जाऊन आली, कोण मोजणार.
मी एकदाही बसलो नाही.
ऑफिसात म्हणायचे, साहेबांचा मान आड येतो.
मान कसला. एकेक बोल्ट मला नावानिशी ठाऊक होता.

एका साली लतीफभाईंचा पाळणा बंद ठेवला,
दहातल्या नऊ रात्री. आसाला केसाएवढी चीर.
ते म्हणाले, साहेब, केस तर माझ्या डोक्यावरही उरले नाहीत.
त्यापुढे काही नाही. रोज चहा पाठवत राहिले,
साखर कमी, मला लागते तशी.
दहाव्या रात्री नवा आस बसला, मी सही केली,
तोवर मौत का कुआँवाले फळ्या उतरवत होते,
वाळूत फुग्यांची कातडी, एकही गिऱ्हाईक नाही.
लतीफभाईंनी रिकामा पाळणा हाताने फिरवला,
तीन फेऱ्या, आणि माझ्याकडे बघितलं.
बसा, असं म्हणाले नाहीत.
मी फाईल बगलेत मारून बस पकडली.

तर. दुपारी लालबागला चिवडा, दोन किलो,
गावी वाटायला लागतोच.
मग फाइव्ह गार्डनला बाकावर टेकायचं. (गुडघे.)
सहाला माहीम. दर्ग्यात फुलं.
हलवा-पराठा एकात दोघं.
तिला साखर आहे, आणि तिला वाटतं मला माहीत नाही.
बंदुकीने फुगे फोडायचे असतील तर तिने फोडावेत,
माझा चष्मा जुना.
सव्वासात: पाळणा.

लतीफभाई गेले. मुलगा चालवतो म्हणे,
मोटर बसवलीय, निळे दिवे लावलेत.
पिशवीत पाणी, तिची शाल, सुटे पैसे.
हातोडी ठेवली.
काढली.
परत ठेवली.

रात्री पुन्हा तिचा फोन.
वर गेल्यावर थांबवतात ना रे?
थांबवतात, खाली माणसं चढेपर्यंत.
किती वेळ?
मिनिट, दीड मिनिट.
मग तेवढ्यात करायचं काय?

मी समोरच्या खाडीचं सांगणार होतो, सागरी सेतूच्या दिव्यांचं,
पण ते सगळं मी जमिनीवरूनच बघितलेलं.
म्हटलं, बघून सांगतो.

सव्वासात आणि साडेसात यांच्या मध्ये
एक ओळ मोकळी सोडली.
मग बिल उलटून पाहिलं,
भरायची तारीख परवाच होऊन गेलेली.