जन्मतारीख

मलाकालच्या त्या घरात
आम्हा सगळ्यांचे वाढदिवस एकाच दिवशी यायचे.
एक जानेवारी.
रबेकामावशींनी वहीत तसं लिहूनच टाकलेलं,
बेचाळीस वेळा, एकाच निळ्या पेनाने.

त्या दिवशी ज्वारीच्या लापशीत साखर पडे,
आणि वरून विमान गेलं तरी
टेबलाखाली शिरायचं नाही, असं ठरलेलं.
आम्ही शिरायचोच. वाट्या सांभाळत.

ओयाय तेवढा हट्टी.
“नदी दाराशी आली होती तेव्हा मी झालो.
आई सांगायची.”
कुठली नदी, कुठलं दार,
मावशी करवादायच्या,
रकाना एवढासा असतो रे बाबा.

रात्री चटईवर तो विचारायचा, तुझं काय?
मला काहीच सांगता यायचं नाही.
मग एकदा त्यानेच
आपल्या पुरातलं थोडं मला काढून दिलं:
“तू पाणी ओसरताना.
चिखलात मासे अडकून राहिले होते ना,
तेव्हा.”

आता नैरोबीत, कुठल्याही फॉर्मवर
मी एक जानेवारीच लिहिते.
पण बाजारात एखाद्या माशाला
चिखलाचा वास आला
की पिशवी खाली ठेवते जरा,
आणि म्हणते,
झाले बाई अजून एका वर्षाची.